रेडिएशनच्या आधी रोज स्कॅन: गरज की सोपस्कार?

ठाकुर्लीकर (धागाकर्ता)
बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर. २० सिटिंग सांगितलीत, काल १३वं झालं. रोज ठाकुर्ली ते परळ. पोट साफ हवं, लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायचं, मग पाऊण तास थांबायचं. टेबलावर झोपवतात, कमरेवरच्या तीन ठिपक्यांवर लेझरची रेघ जुळवतात. इथवर ठीक. पण त्यानंतर मशीन भोवती फिरवून रोज सीबीसीटी स्कॅन (त्याच मशीनवरचा छोटा सीटी) काढतात. काल तो बघितला आणि बाबांना खाली उतरवलं. "गॅस आहे काका, संडासला जाऊन या." पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं, दोन तास गेले. लोकलमध्ये संडास नसतो. येताना ७४ वर्षांचा माणूस घाटकोपरला उतरून अक्षरशः पळाला. ठिपके तर जुळले होते! मग हा रोजचा स्कॅन रुग्णासाठी की बिलासाठी? माझ्या मते आठवड्यातून एकदा पुरे.

लेझरवाली
साफ असहमत. अशाच मशीनवर काम करते (तुमच्या हॉस्पिटलात नव्हे). ठिपके कातडीवर असतात, प्रोस्टेट आत. त्याच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. गुदाशयात गॅस भरला की प्रोस्टेट पुढे ढकललं जातं आणि गुदाशयाची भिंत त्याच्या जागी येते. स्क्रीनवर हाडं सुरुवातीच्या प्लॅनच्या स्कॅनशी तंतोतंत जुळलेली आणि मागे हा एवढा काळा फुगा, हे आम्ही नेहमी बघतो. काल तसंच बटण दाबलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. उतरवलं म्हणून राग आलाय, पण मशीनवरच्या त्या मुलीने रांगेतल्या लोकांच्या शिव्या खाऊन उतरवलं.

फँटम
प्रोस्टेटपुरतं मान्य. पण "सगळ्यांना रोज" ही जी टूम निघालीय तिला माझा विरोध आहे. मी फिजिसिस्ट, रेडिएशनच्या डोसचा हिशोब बघणारा. चूक दोन प्रकारची: रोज वेगळी होणारी, आणि एकाच दिशेने रोज तीच होणारी. घातक दुसरी. ती पहिल्या तीन दिवसांच्या सरासरीवरून सापडते; टेबल तेवढं सरकवा, पुढे आठवड्याला तपासा. हाडाच्या दुखण्यासाठी एकच सिटिंग असेल तर त्या दिवशी इमेज घ्याच, पण स्तनाच्या साध्या केसला रोज सीबीसीटी कशाला? माणशी ४ मिनिटं धरा. दिवसाला ६० पेशंट म्हणजे ४ तास. तेवढ्या वेळात वेटिंगवरचे किती जण सुरू झाले असते? आणि कोबाल्ट मशीनवर (रेडिएशनचं जुन्या पद्धतीचं मशीन) सहसा सीबीसीटी नसते, तिथले पेशंट बरे होत नाहीत का?

मास्कमधला
घशाचा कॅन्सर, ३३ सिटिंग, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क. गिळता येईना, ९ किलो वजन उतरलं. पहिल्या आठवड्यात मास्कचे ठसे संध्याकाळपर्यंत गालावर राहायचे, चौथ्यात आतल्या आत हनुवटी हलवता यायची. मी गप्प, म्हटलं सुटलो. स्कॅनमध्ये पकडलं, नवा मास्क केला. रोजचा स्कॅन नसता तर?

फँटम
आठवड्याच्या स्कॅनमध्येही दिसलं असतं, फार तर चार दिवस उशिरा. वजन एका दिवसात उतरत नाही.

मास्कमधला
मान हलली तर किरण मणक्यावर. ते चार दिवस माझ्या मणक्याचे असते, साहेब.

गणपतीपाड्याची
कोणी बोलत नाही म्हणून विचारते, रोजच्या सीटीचं रेडिएशन वेगळं जातं त्याचं काय?

लेझरवाली
कंबरेच्या सीबीसीटीला साधारण १-३ सेंटीग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप). ह्यांच्या बाबांचं एक सिटिंग बहुधा ३०० सेंटीग्रेचं. उलट स्कॅन नसला तर डॉक्टरांना मार्जिन, म्हणजे गाठीभोवती सोडलेली जास्तीची जागा, वाढवावं लागतं. ५ सेंमीचा गोळा धरा. भोवती ५ मिमी सोडले तर ११३ सीसी, १० मिमी सोडले तर १८० सीसी. जास्तीचे ६७ सीसी कुणाचे? मूत्राशयाचे आणि गुदाशयाचे. मग घाटकोपर काय, प्रत्येक स्टेशनला उतरावं लागेल.

फँटम
हिशोब बरोबर. पण स्कॅनचा डोस निरोगी भागावरही पडतो. लहान मुलांमध्ये मी तो हलक्यात घेणार नाही.

ठाकुर्लीकर
गॅसचं पटलं, कालचा राग मागे. पण एक सांगा, नंबर किती लांबलाय हे कळल्याशिवाय पाणी प्यायला का लावतात? काल पहिल्यांदा प्यायले तेव्हा पुढे सहा जण होते. स्कॅन बिचारा शेवटी जे आहे तेच दाखवणार.

लेझरवाली
यावर माझ्याकडे उत्तर नाही. उद्या काउंटरवर जाऊ नका, आत टेक्नॉलॉजिस्टला निरोप द्या: "तीन पेशंट राहिले की हाक मारा, तेव्हा पितो." आणि आज रात्री वाल-वाटाणे नकोत.

ठाकुर्लीकर
आईने डाळिंब्या भिजत घातल्यात. सांगतो.