प्रतिसाद: गिटारवर ल्यूटचं टॅब्लेचर

ल्यूट या जुन्या तंतुवाद्याचं टॅब्लेचर (कुठली तार कुठल्या फ्रेटला दाबायची ते दाखवणारी लिपी) गिटारवर कसं वाजवायचं, यावरच्या पोस्टला हे उत्तर. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवून तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की डाउलंड या इंग्लिश ल्यूटकाराचं संगीत थेट वाचता येतं, असं त्या पोस्टमध्ये म्हटलंय. जी-सी-एफ-ए-डी-जी अशी ल्यूटची जुळणी त्यातून नेमकी मिळते. पण अडचण येते ल्यूटच्या तारांच्या सातव्या जोडीला, कारण गिटारला सहाच तारा. आधी ती एफमध्ये आहे की डीमध्ये हे रचनेवरून ठरवा. मग तो खर्ज (सर्वांत खालचा सूर) एक सप्तक वर घ्या: एफ असेल तर चौथी तार मोकळी, डी असेल तर पाचव्या तारेवर कॅपोपासून दुसरा फ्रेट.

इंग्लिश छापील प्रतींत फ्रेट अक्षरांनी दाखवतात आणि 'सी' हे अक्षर 'आर'सारखं दिसतं. तो दुसरा फ्रेट. अक्षराखाली टिंब असेल तर तो सूर तर्जनीने छेडा. धावत्या सुरावटीत बिनटिंबाचा सूर अंगठ्याचा, म्हणून वजनाचा. ही टिंबं गाळून वाजवलं तर सगळे सूर सारखेच सपाट ऐकू येतात. शिवाय वरची लयचिन्हं फक्त पुढचा सूर कधी छेडायचा ते सांगतात, किती धरायचा ते नाही. खर्जावरचं बोट शक्य तितका वेळ उचलू नका.

काप्सबर्गर या ल्यूटकाराच्या रचना घेणार असाल तर १६११चं ल्यूटचं पुस्तक घ्या. १६०४चं कितारोनेसाठी (ल्यूटच्या मोठ्या, लांब मानेच्या प्रकारासाठी) आहे. त्या वाद्याच्या वरच्या दोन तारा सप्तकभर खाली जुळवलेल्या असतात, त्यामुळे गिटारवर सुरावट मध्येच उडी मारते. दोन्ही पुस्तकांत फ्रेटसाठी अक्षरांऐवजी इटालियन पद्धतीचे आकडे आहेत आणि त्यात सर्वांत वरची रेघ म्हणजे खर्जाची तार!