मदत हवी आहे: पिशवी काढून इतकी वर्षं झाली तरी अंगावरून जातंय

मैत्रिणींनो विषय नाजूक आहे पण विचारतेच. आईची गर्भपिशवी २०११ ला फायब्रॉईडमुळे काढली, तोंडासकट. आता वय ६२, शुगर आहे. महिनाभर अंगावरून पिवळसर पाणी जातंय, वास येतो, खाज नाही, आणि परवा गुलाबी डाग दिसला तेव्हा कुठे तिने मला सांगितलं (सगळं अंगावर काढायची सवय!). फॅमिली डॉक्टर म्हणाले पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ कोरडी होते त्यानेही होतं, पण रक्त दिसलं तर आतून तपासायलाच हवं. आई म्हणते पिशवीच नाही तर तपासणार काय! सोमवारी गायनॅककडे नेतेय. कोणाला असं झालंय का, व्हॉल्ट स्मिअर (पिशवी काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाकडच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) वगैरे केलं का आणि ते दुखतं का, ती त्यालाच घाबरतेय.