स्वतंत्र तंत्रज्ञान सल्लागाराला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

प्रश्न (डाळ मिल चालक, जळगाव)
नमस्कार. आमची तुरीची डाळ मिल आहे. गेले वर्षभर पुस्तकी शिल्लक गोदामातल्या मालापेक्षा नेहमी जास्त दिसते. तिघा विक्रेत्यांनी तीन निरनिराळी सॉफ्टवेअरे सुचवली. आता एका स्वतंत्र सल्लागाराचे नाव समजले आहे. परंतु जो काहीच विकत नाही, त्याला पैसे कशाचे द्यायचे, हा वडिलांचा प्रश्न आहे. अनुभव असल्यास कृपया लिहावे.

उत्तर (सल्लागार, भुसावळ)
दादा, वडिलांची शंका रास्त आहे. पैसे दुखणे शोधण्याचे असतात. अशाच एका मिलमध्ये मी पहिले दोन दिवस संगणकाला हात न लावता वजनकाट्याशेजारी बसून होतो. कडता, म्हणजे पोत्याच्या वजनाची वजावट, सर्व पोत्यांना सरसकट दोनशे ग्रॅम धरला जात होता. तो प्लॅस्टिकच्या पोत्याला ठीक, पण शंभर किलोचे तागाचे पोते रिकामे असतानाही किलोभर भरते. पाचशे पोत्यांच्या आवकेत चार क्विंटल तूर केवळ कागदावर जमा होत होती. शिवाय शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. उरलेल्यात चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफल हाती लागते, ओलावा मात्र उडून जातो आणि त्या घटीसाठी नोंदीत रकानाच नव्हता. त्याच मिलमध्ये तीस किलोचा कट्टा आणि एक किलोचे पाकीट एकाच नावाखाली नोंदलेले होते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे त्यांची बिलेही चुकत होती. यातील एकाही गोष्टीसाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागले नाही.

उत्तर (केळी व्यापारी, रावेर)
आम्ही मोबाइल अ‍ॅप बनवून घ्यायला निघालो होतो. सल्लागारांनी आधी आमच्या मुनीमजींसोबत एक संपूर्ण दिवस काढला, तेव्हा लक्षात आले की कटाईच्या वेळी बागेत ठरलेला भाव संध्याकाळी आठवून लिहिला जातो आणि शेतकऱ्यांशी होणारे बहुतेक वाद तिथूनच उगवतात. आता मुकादम बागेतूनच सामायिक गूगल शीटमध्ये भाव आणि वजन भरतो. अ‍ॅप नको, असे स्पष्ट सांगणारा माणूस मला मोलाचा वाटतो.

उत्तर (हिशेबनीस, धुळे)
काम देण्यापूर्वी सॉफ्टवेअर विक्रेत्याकडून कमिशन घेतले जाते का, हे लेखी विचारून घ्यावे. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक मालकाचाच असावा, कारण ओटीपी त्यावर येतो. आमच्या ओळखीतील एका दुकानात तो क्रमांक सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा निघाला आणि विवरणपत्र मुदतीत भरता आले नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी रिकामी पोती काट्यावर ठेवून पाहिली: तागाचे ९८० ग्रॅम, प्लॅस्टिकचे १४०. आमचा मापाडीही सर्वांना दोनशेच धरत होता. मात्र वर्षभराची सगळी तूट एवढ्याने भरून निघत नाही, म्हणून वडिलांनी स्वतःच सल्लागारांना फोन करून सोमवारी काट्यावर बोलावले आहे.