लकव्याच्या बाजूचा खांदा दुखतो: सोनोग्राफीच्या चिठ्ठीत काय मागावं?

फिजिओ_धंतोली: डाव्या बाजूचा लकवा, तीन महिने झाले. खांद्यात बोटभर खाच पडली आहे. बाही घालताना कळ येते, हात बाहेर फिरवला तर २० अंशांवर अडतो आणि मागच्या खिशाकडे तर जातच नाही. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस (खांद्यावरचा, हात उचलणारा स्नायू) बघायला तीच पोझिशन लागते, मग तो दिसणार कसा? नुसतं ‘खांद्याची सोनोग्राफी’ लिहिलं की ‘टेंडिनोसिस’, म्हणजे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) झिजलाय, एवढाच रिपोर्ट येतो. रुग्ण कामठीचा आहे, तपासणी घरीच होईल का?

रेडिओलॉजी_मेडिकल_चौक: हात मागे ओढून ती पोझिशन मिळवू नका. लिनिअर प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा, सपाट तोंडाचा भाग) घ्यावा. आधी कोपर ९० अंशांत, तळहात वर ठेवून बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) टेंडन आडवा आणि उभा पाहायचा. प्रोब दाबला तर पाणी बाजूला सरकतं, म्हणून भरपूर जेल आणि हलका हात. टेंडनभोवतीचं आवरण सांध्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे तिथलं पाणी बरेचदा सांध्यातूनच आलेलं असतं. टेंडनच्या बाहेरच्या बाजूला धमनीची बारीक फांदी असते. तिला सूज समजू नये, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावून खात्री करावी.

सुप्रास्पायनेटससाठी रुग्णाला चांगल्या कुशीवर वळवून दुखरा हात सोसेल तेवढाच मागे सरकवा. टेंडन हाडाला चिकटतो तिथे वळतो आणि बीम (ध्वनिलहरींचा झोत) तिरका पडला की काळा दिसतो. प्रोब कलवताच तो काळेपणा गेला, तर ती फाट नव्हे. जो भाग दिसलाच नाही, तो ‘नॉर्मल’ न लिहिता ‘दिसला नाही’ असा लिहिला पाहिजे. बर्सा (टेंडनवरची पातळ पिशवी) २ मिमीहून जाड वाटला तर दुसऱ्या खांद्याशी ताडून पाहावा. उतारवयात न दुखणाऱ्या खांद्यातही फाटी सापडतात, म्हणून दोन्ही खांदे तपासायला सांगाच.

पुनर्वसन_ओपीडी: खाचेबद्दल चिठ्ठीत वेगळं लिहा: ‘बसवून, हात आधाराविना लोंबता ठेवून, अ‍ॅक्रोमिअनच्या कडेपासून ग्रेटर ट्युबरोसिटीपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंचं.’ म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दंडाच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यापर्यंत. हात उशीवर असला की फट मिटते आणि सब्लक्सेशन (सांधा अर्धवट निखळणं) रिपोर्टमधून निसटतं. जमल्यास स्लिंग (हाताची झोळी) घालून पुन्हा मोजून घ्या, स्लिंगचा उपयोग होतो की नाही ते तिथेच कळेल. पण फट दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं धरू नका.

२० अंशांचा अडथळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो सबस्कॅप्युलरिसच्या (पात्याच्या पुढचा, हात आत फिरवणारा स्नायू) ताठरपणाने आहे की कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) आखडल्याने, हे आधी हातानेच तपासा. हळू फिरवल्यावर थोडा जास्त फिरतो आणि झटक्याने अडतो, तर ताठरपणाकडे झुकतं. सोनोग्राफीत कोराकोह्युमरल लिगामेंट (सांध्याच्या पुढचा-वरचा बंध) जाड दिसलं तर कॅप्सूलच्या शंकेला आधार मिळतो. हाताचा पंजा सुजलेला, गरम आणि हात लावला तरी दुखत असेल, तर सीआरपीएसचा (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, हातात तीव्र, रेंगाळणाऱ्या वेदनांचा विकार) विचार करा. खांद्याची सोनोग्राफी ठीक आली म्हणून थांबू नका.

रेडिओलॉजी_मेडिकल_चौक: घरी नाही होणार. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली मशीनची नोंदणी ठरावीक जागेची असते, पोर्टेबल मशीनही कुणाच्या घरी नेता येत नाही. सेंटरवरच आणा. ऑटोतून उतरवताना नातेवाइकांनी काखेत हात घालून उचलू नये, की हात धरून ओढू नये. खांद्याच्या पात्याला आणि कमरेला आधार देऊन उतरवा.