काळाराम मंदिराचा दगड फोटोत राखाडी का येतो?

गोदाकाठ: काळाराम मंदिराचे फोटो काढतोय, ऑटोवर काळा दगड पार राखाडी येतो अन् आकाश पांढरंफट्ट. मॅन्युअलवरही तेच, असं का?

पंचवटीकर: कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दगड काळा आहे हे कळत नाही, त्याला सगळं मधल्या राखाडीवरच आणायचं असतं म्हणून तो उजेड वाढवतो. ॲपर्चर प्रायॉरिटीला जा (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, तू ठरवतोस अन् शटर कॅमेरा), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, -१ कर, कमी पडलं तर अजून खाली. रामकुंडावर पांढरी धोतरं फ्रेमभर असतील तर उलट, +१.

सिन्नरवाला: मॅन्युअलमध्ये मीटरचा काटा शून्यावर आणलास म्हणजे मीटरचंच ऐकलंस ना! आणि ऑटो आयएसओ (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आधी बंद कर, नाहीतर तू शटरचा वेग वाढवशील अन् कॅमेरा आयएसओ चढवून परत तिथंच आणेल. भर उन्हात आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६, शटर १/१०० सेकंदापासून सुरू कर, मग हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या भागांचा आलेख) बघ.