शाळेचा शिपाई कायम हवा की भत्त्यावर? (चर्चा धागा)

दप्तरखोली
येत्या ३१ मे रोजी आमच्या हायस्कुलातले शेवटचे कायम शिपाई निवृत्त होत आहेत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. जन्मतारीख १ जून १९६६. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, आमच्या पिढीत निम्म्या गावाची तीच असते. १९८९ साली ते रुजू झाले. मी या शाळेत लिपिक म्हणून आलो तेव्हा जनरल रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे मला त्यांनीच दाखवलं.

त्यांच्या जागी कायम माणूस मिळणार नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं व्यपगत करायची ठरली. माणूस निवृत्त झाला की पद संपलं. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो : मुंबई-पुण्यात दरमहा दहा हजार, इतर महापालिका हद्दीत साडेसात हजार आणि आमच्यासारख्या खेड्यापाड्यात पाच हजार. दुसरे शिपाई याआधीच निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक मुलगा आम्ही याच पाच हजारांवर ठेवला आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा निर्णय चुकला आहे आणि तो मागे घ्यायला हवा. सकाळी साडेसहाला कुलूप उघडण्यापासून बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांसोबत बसण्यापर्यंत ज्याच्या हाती शाळा असते, त्याला दिवसाला दोनशे रुपये पडतात. २०२५-२६ साली रोजगार हमीवर खोदाईला जाणाऱ्याला दिवसाला ३१२ रुपये दर होता. शाळेतल्या माणसाची किंमत खड्ड्यापेक्षा कमी कशी?

शाळेत काम करणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या, मुलं शाळेत पाठवणाऱ्या सगळ्यांनी मोकळेपणाने लिहावं. विरोधी मत असलं तरी चालेल.

माणदेशी विश्वस्त
विरोधी मत माझंच घ्या. मी एका छोट्या शिक्षणसंस्थेचा सचिव आहे, तीन हायस्कुलं आहेत. तुमच्या मामांबद्दल आदरच आहे, पण प्रत्येक शाळेला मामा लाभत नाहीत.

आमच्या एका शाळेत कायम शिपाई दारू पिऊन यायचा. मुलींच्या शाळेत. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने त्याला काढायचं म्हणजे नोटीस, आरोपपत्र, चौकशी समिती आणि मग शाळा न्यायाधिकरण. एका तांत्रिक चुकीवर तो परत कामावर आला. मागचा पगारही संस्थेने द्यायचा असा आदेश झाला. ते पैसे आम्ही इमारतीच्या निधीतून दिले आणि दोन वर्गांच्या छताचे पत्रे बदलायचे राहून गेले. पावसाळ्यात मुलं बाक सरकवून बसली.

त्यामुळे कायम हा शब्द ऐकला की तुम्हाला संरक्षण दिसतं, मला ते दोन वर्ग दिसतात. भत्त्यावरचा माणूस नीट वागला तर राहतो, नाही वागला तर दुसरा येतो. पाच हजार कमी आहेत हे मान्य. रक्कम वाढवा. पण पद कायम करू नका.

दप्तरखोली
सचिवसाहेब, दारुड्याला काढता आला नाही हे वाईटच झालं. पण तांत्रिक चूक कुणाची होती? चौकशी नियमाप्रमाणे केली असती तर आदेश उलटला नसता. मी स्वतः अशा दोन चौकशांचं दप्तर सांभाळलं आहे. नोटिशीची मुदत आणि समितीची रचना या दोनच गोष्टींवर बहुतेक प्रकरणं फसतात. संस्थेच्या ढिलाईची शिक्षा पदाला का?

माणदेशी विश्वस्त
चूक आमची होती, नाकारत नाही. समितीत ज्यांना घ्यायला हवं होतं त्यांना वेळेत पत्र गेलं नाही. पण तालुक्याच्या गावात कायदा जाणणारा माणूस मिळत नाही आणि वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, इतकं तुटपुंजं आणि इतकं उशिरा येतं की वकिलाची फी त्यातून निघत नाही. तुम्ही दप्तरातले तज्ज्ञ आहात. आमच्याकडे एकच लिपिक तीन शाळांचं पाहतो.

भूमितीच्या बाई
मी वेगळ्याच कारणाने विरोध करते. मला शिपायाबद्दल राग नाही, पण सरकारच्या हातात पैसे मोजकेच असतील तर आधी शिक्षक भरा.

१९ वर्षांपूर्वी मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर, लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात सातही दिवस बाहेर बसले. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून पदं ठरवण्याचा, निर्णय आला आणि कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदं घटली. आमच्याकडे इंग्रजीची जागा रिकामी आहे. नववी-दहावीचं गणित माझ्याकडे, सहावी ते आठवीचंही माझ्याकडेच, आणि ऑफ तासाला इंग्रजीच्या वर्गावर जाऊन मी मुलांना धडा वाचायला लावते. मला इंग्रजी शिकवता येत नाही. मुलांना ते कळतं. दहावीत ती इंग्रजीत नापास होतील तेव्हा घंटा वेळेवर झाली होती याचा त्यांना काय उपयोग?

शिवाय १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहेच. पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. लेक बारावीचा अभ्यास करते आणि समोरच्या खुर्चीत मी बालमानसशास्त्र वाचते. इतकी वर्षं वर्गावर काढल्यावर नोकरी राहील का ही काळजी मलाही आहे. म्हणून म्हणते, दुखणं एकट्या शिपायाचं नाही, आणि औषध आधी वर्गात घालायला हवं.

प्रयोगशाळा परिचर
बाई, तुमचं इंग्रजीचं दुखणं खरं आहे. पण शिपाई नसला की त्याचं काम कोण करतं ते सांगा. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी शिपाई निवृत्त झाले. त्या दिवसापासून घंटा, टपाल, पाण्याची टाकी, बँक, पंचायत समिती सगळं माझ्याकडे आलं. मी प्रयोगशाळेतला माणूस. नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकाला ब्युरेट-पिपेट मांडणं, द्रावणं तयार ठेवणं हे माझं काम. गेल्या वर्षी मी बँकेत गेलो असताना विज्ञानाच्या सरांनी एकट्याने चाळीस मुलं घेऊन प्रात्यक्षिक लावलं. आम्ल एका मुलाच्या हातावर उडालं. फार भाजलं नाही, पण व्रण राहिला.

वर्गाचं आणि वर्गाबाहेरचं असं वेगळं करता येत नाही. आज शिपायाची जागा गेली तर उद्या त्याचं काम तुमच्या ऑफ तासात येणार.

भूमितीच्या बाई
आलेलंच आहे. पोषण आहाराची नोंद मीच करते. मुलाच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या शाळेत एक माणूस कमी पडला म्हणून जे झालं, ते माझ्या वर्गात रोज होतं. भाजलेलं दिसतं, न शिकवलेलं दिसत नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

ओसाडवाडीकर
मला एक साधा प्रश्न पडतो. शाळेला शिपाई लागतोच कशाला? स्वयंचलित घंटा बाजारात मिळते. टपाल ईमेलने जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत काढली ती मुलांना कष्टाची सवय लावून. वसतिगृहातली मुलं स्वतः स्वयंपाक करत, झाडत, शेतात राबत. स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद होतं. आज मुलांच्या हाती झाडू दिला की पालक तक्रार घेऊन येतात. वर्ग मुलांनी झाडावेत, शिक्षकांनीही झाडावेत, आणि वाचलेल्या पैशातून बाईंना इंग्रजीचा शिक्षक मिळावा.

दप्तरखोली
या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मी स्वतः वसतिगृहात कमवा आणि शिका करून शिकलो. कष्टाला माझा विरोध नाही. आमच्या शाळेतही मुलं वर्ग झाडतात, वाफ्यांना पाणी घालतात आणि ते चांगलंच आहे.

पण वर्ग झाडणं वेगळं आणि स्वच्छतागृह धुणं वेगळं. मी चौथी-पाचवीत होतो तेव्हा आमच्याही शाळेला शिपाई नव्हता. वर्ग सगळे झाडायचे, पाळीपाळीने. मुतारी मात्र ठरलेली तीन मुलं धुवायची. पाळीच्या कागदावर त्यांचं नाव कधी लिहिलेलं नव्हतं. गुरुजी नुसतं तिकडे बघायचे आणि ती उठायची. ती तिघं कुठल्या वस्तीतली होती हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. त्यांतला एक सातवीत शाळा सोडून गेला. तो माझ्या बाकावर बसायचा.

कर्मवीरांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि कामही सगळ्यांच्या वाट्याला येई. त्यामागे ते स्वतः उभे होते. तशी नजर ठेवणारा माणूस प्रत्येक शाळेत असेल असं धरून धोरण आखता येत नाही. पगार घेऊन, साधनं घेऊन, सन्मानाने हे काम करणारं माणूस शाळेत नसेल तर ते काम कुणाच्या अंगावर जाईल ते मी पाहिलं आहे.

ओसाडवाडीकर
हे माझ्या डोक्यात नव्हतं. स्वच्छतागृहांपुरतं माझं म्हणणं मागे घेतो. घंटा आणि टपालाबद्दल मात्र अजून तसंच वाटतं.

आठवीची आई
मी शाळेत कामाला नाही, माझी मुलगी आठवीत आहे. मला कायम-भत्ता यातलं फार कळत नाही, पण एक विचारायचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यातला आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. त्यानंतर सरकारने २१ ऑगस्टला शाळांसाठी निर्णय काढला, सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. आमच्या शाळेत कॅमेरे लागले. पण भत्त्यावरची माणसं दर सहा महिन्यांनी बदलतात. नव्या माणसाची पडताळणी होऊन येईपर्यंत तो निघूनही जातो. मुलगी घरी येऊन सांगते की आज नवीन काका होते. मला त्या माणसाचं नाव माहीत नसतं.

सचिवसाहेब म्हणतात, नीट वागला नाही तर दुसरा येतो. मला तेच नको आहे. मला दारावर ओळखीचा चेहरा हवा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे एखादी बाई हवी.

माणदेशी विश्वस्त
ताई, तुमचा मुद्दा मला लागला. आमच्या तीन शाळांत मिळून एकही महिला परिचर नाही. या जूनपासून एका शाळेत तरी ठेवण्याचा विषय बैठकीत मांडतो. तरीही सांगतो, आमचा तो दारुडा कायमच होता आणि ओळखीचाही होता. ओळखीचा म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. पडताळणी दोघांचीही व्हावी, दरवर्षी व्हावी.

पहिली घंटा
नमस्कार. दप्तरखोली सरांनी वर लिहिलंय तो पाच हजारवाला मुलगा मीच. सरांनीच हा धागा वाचायला पाठवला. मी बारावी झालोय, वय २४.

सगळे आमच्याबद्दल लिहिताय म्हणून मी पण लिहितो. पाच हजार पण दर महिन्याला येत नाहीत. तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. तोवर मामा आणि सर मिळून मला उसने देतात. सकाळी दूध डेअरीवर कॅन उतरवतो आणि तिथून शाळेत येतो. रविवारी मंडपवाल्याकडे जातो.

सचिवसाहेब म्हणाले की भत्त्यावरचा माणूस नीट वागतो, भीती असते म्हणून. भीती असते हे खरं आहे. पण भीतीने मी काय करतो ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात मागच्या खोलीची वायर उघडी पडली होती. मी दोन दिवस कुणाला बोललो नाही. वाटलं, माझ्याच नावावर येईल आणि जा म्हणतील. मामांनी बघितली आणि हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, पोरं आत सोडू नका. मामा हेडमास्तरांना असं बोलू शकतात. मी नाही बोलू शकत.

बाई म्हणतात तेही मला पटतं. मी याच शाळेत शिकलो आणि इंग्रजीतच दोनदा राहिलो.

माणदेशी विश्वस्त
बाळ, वायरचं वाचून मी थोडा वेळ थांबलो. मी ज्याला शिस्त म्हणत होतो ती अशीही असते हे लक्षात आलं नव्हतं. कायम पदाबद्दलचं माझं मत एका दिवसात बदलणार नाही. पण मला सांग, किती मिळाले तर तू या कामात टिकशील? माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये आठ हजारांवरून १८ हजार झालं. तसं तुमचंही काही ठराविक वर्षांसाठी, ठरलेल्या रकमेचं आणि शेवटी कायम होण्याची वाट असलेलं असेल तर?

दप्तरखोली
सचिवसाहेब, शिपाईसेवक म्हणा हवं तर. तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. मला चालेल. पहिल्या तीन वर्षांत तुम्हाला माणूस पारखता येईल आणि त्याला पुढचं काही दिसेल. आमच्या संघटनेच्या जिल्हा बैठकीत मी हे मांडेन. काहीजण मलाच रागावतील, पद थेट कायमच हवं म्हणून.

भूमितीच्या बाई
रागावणाऱ्यांत मी नसेन, पण संघटनेच्या निवेदनात रिकाम्या शिक्षक पदांची ओळ पहिली घाला. नाहीतर मी सही करणार नाही.

पहिली घंटा
सचिवसाहेब, रक्कम मला पटकन सांगता येत नाही. दर महिन्याला ठरल्या तारखेला आली तर निम्मा त्रास जाईल. आणि शाळेच्या मस्टरवर नाव असावं. आता माझी हजेरी वेगळ्या वहीत असते. लग्नासाठी स्थळ आलं होतं, ते लोक शाळेत विचारून गेले. कुणीतरी सांगितलं की तो शाळेचा नाही, रोजंदारीवर आहे.

मामा सध्या मला किल्ल्या शिकवतायत. ४३ आहेत. कुठली कुठल्या कपाटाची हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही, म्हणून मी प्रत्येकीला दोरा बांधून चिठ्ठी लावतोय. २९ झाल्या. उद्या केंद्रशाळेतून बालभारतीची पुस्तकं आणायची आहेत, टेम्पो साडेसहाला निघतो. राहिलेल्या चौदा किल्ल्या दुपारी करू म्हणालेत.