सामोसचे पिथागोरियो : बंदराच्या गावात काय काय करता येते? आपले अनुभव लिहा

ग्रीसला जाऊन आलेल्या मराठी मंडळींच्या लेखनात सांतोरिनी आणि मिकोनोस ही दोन नावे हमखास भेटतात. एजियन समुद्राच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या सामोस बेटाविषयी मात्र आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर पिथागोरियो हे बंदराचे छोटे गाव आहे. १९५५ पर्यंत त्याचे नाव तिगानी होते. पुढे बेटाच्या सर्वांत प्रसिद्ध सुपुत्राच्या, म्हणजे पायथागोरसच्या, स्मरणार्थ ते बदलण्यात आले. आजचे गाव प्राचीन सामोस नगराच्याच जागेवर वसलेले आहे, आणि ते प्राचीन नगर व जवळचे हेरा देवीचे मंदिर यांचा १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे, की सर्व ग्रीकांच्या कामांत सर्वांत मोठी अशी तीन कामे सामोसवासीयांनी केली: डोंगर पोखरून नेलेला पाण्याचा बोगदा, बंदराभोवतीचा समुद्रातला बांध आणि हेराचे मंदिर. ही तिन्ही ठिकाणे या एका गावात मुक्काम ठेवून पाहता येतात. क्रूझमधून उतरून दोन तासांत परत जाणाऱ्यांना हे गाव कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी येथे निवांत मुक्काम केला आहे, त्यांनी काय पाहिले, काय खाल्ले आणि कोणत्या अडचणी आल्या, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

नाशिकहून, गणिताच्या निवृत्त शिक्षिका

माझी सगळी नोकरी दहावीला भूमिती शिकवण्यात झाली, आणि पायथागोरसचे प्रमेय हा त्या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता धडा. त्यामुळे पिथागोरियोला पोहोचल्यावर बंदराच्या धक्क्याच्या टोकाशी १९८८ मध्ये उभारलेले शिल्प पाहायला मी आधी गेले. काटकोन त्रिकोणाची एक बाजू म्हणून स्वतः पायथागोरस उभा आहे. तरीही गावाची खरी भूमिती पाहायची असेल, तर युपालिनोसच्या त्या पाण्याच्या बोगद्यात जावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

गावातून बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंत चालत जाता येते. रस्ता चढाचा आहे, म्हणून सकाळी लवकर निघावे. डोक्यावर हेल्मेट देतात. सुरुवातीला अरुंद, उभ्या पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि त्यानंतरचा काही भाग इतका चिंचोळा आहे, की अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. बंदिस्त जागेची भीती असलेल्यांनी याचा विचार आधीच करावा. एकदा तो भाग मागे पडला, की बोगदा साधारण माणसाच्या उंचीएवढा होतो आणि चालणे सोपे होते. बाहेर ऑगस्टचे ऊन असले तरी आत चांगलाच गारवा असतो, तेव्हा पातळ स्वेटर किंवा शाल जवळ असावी.

हा बोगदा १०३६ मीटर लांब आहे आणि इ. स. पूर्व सहाव्या शतकात मेगारा या ग्रीक नगरातल्या युपालिनोसने तो डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खोदायला घेतला. हातात छिन्नी-हातोडा, उजेडाला तेलाचे दिवे, होकायंत्र नाही. उत्तरेकडून येणाऱ्या तुकडीला वाटेत ठिसूळ खडक लागल्यामुळे सरळ रेषा सोडून वळसा घ्यावा लागला आणि पुन्हा मूळ दिशेवर यावे लागले. मधोमध दोन्ही बोगदे जिथे मिळतात, तिथे दोघांनीही मुद्दाम दिशा बदललेली स्पष्ट दिसते. समांतर जात राहिल्यास दोन बोगदे एकमेकांच्या शेजारून निघून जाण्याचा धोका होता. एकाने दुसऱ्याच्या वाटेला छेद दिला, की चुकामूक टळते. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. भिंतीवर छिन्नीचे घाव आजही मोजता येतील इतके ताजे वाटतात, आणि काही ठिकाणी लाल रंगाने रंगवलेली ग्रीक अक्षरे आहेत. तेव्हा अक्षरेच आकडे म्हणून वापरत. सुमारे वीस-वीस मीटरांच्या टप्प्यांवरची ती मोजणीची चिन्हे आहेत. फळ्यावर आकृतीला नावे देताना आपण जे करतो, तेच कोणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात केले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. पायथागोरस याच काळात सामोसवर होता आणि पुढे तो इटलीतल्या क्रोटोनला गेला, तरी बोगद्याच्या कामाशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. दिशा कशी ठरवली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डोंगराला वळसा घालून काटकोनांत मोजत जाण्याची रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या गणितज्ञाने कित्येक शतकांनंतर लिहून ठेवली; डोंगरमाथ्यावरून खुणेचे खांब एका रेषेत रोवले असावेत, असे दुसरे मत आहे. मला दुसरे मत अधिक पटते, कारण त्यात मोजणीच्या चुका साचत जात नाहीत.

पाणी वाहत होते ते मुख्य बोगद्याच्या जमिनीतून नव्हे. चालण्याच्या वाटेच्या कडेला खाली स्वतंत्र चर खणलेला आहे, दक्षिणेकडे येताना तो अधिकाधिक खोल होत जातो, आणि त्याच्या तळाशी मातीचे नळ बसवलेले होते. जाळीवरून चालताना खाली वाकून पाहायला विसरू नये. तिकीट काढताना पूर्ण बोगदा पार करायचा की थोडे अंतर जाऊन परतायचे, हे विचारतात. गुडघे साथ देत असतील, तर पूर्णच करावा.

*

रत्नागिरीहून, मर्चंट नेव्हीतून निवृत्त

मी बंदर पाहायला गेलो होतो आणि बहुतेक वेळ बंदरावरच काढला. आजचा धक्का ज्या बांधावर उभा आहे, त्याच्या पोटात पॉलिक्रेटीसच्या काळातल्या बांधाचा पाया आहे. हा पॉलिक्रेटीस सामोसचा सत्ताधीश होता, त्याच्याजवळ मोठे आरमार होते, आणि आरमारासाठी बंदर राखणे त्याला भाग होते. शहराभोवतीचा सहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा तटही त्याच काळातला, त्याचे भाग डोंगरावर चढताना लागतात. कोकणातले जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला त्या तटाच्या दगडांची बैठक पाहून आनंद होईल.

दुपारनंतर शिडाच्या बोटी आत येऊ लागल्या, की धक्क्यालगतच्या खुर्चीवर बसून एक कॉफी मागवावी आणि त्यांचे लागणे बघावे. येथे बोट आडवी लावत नाहीत. बंदराच्या मध्ये नांगर टाकून, साखळी सोडत सोडत बोट मागच्या अंगाने धक्क्याकडे आणतात आणि मग दोन्ही बाजूंचे दोर बांधतात. वारा आडवा असला, की नवख्या माणसाची साखळी शेजाऱ्याच्या साखळीवर पडते आणि सकाळी निघताना दोन नांगर एकमेकांत गुंतून वर येतात. असा गुंता सोडवताना शेजारच्या बोटीवरचे लोक आपणहून मदतीला उतरतात. भाषा एक नसली तरी दोराची भाषा सगळ्यांना कळते.

सकाळी मासेमारीच्या छोट्या लाकडी होड्यांवर पिवळी जाळी निवडत बसलेले कोळी दिसतात. याच धक्क्यावरून हंगामात सामिओपूला या चिमुकल्या बेटाकडे दिवसभराच्या सहलीच्या बोटी जातात, त्या अवश्य घ्याव्यात, पोहणे येत असेल तर विशेषच. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडचे मेल्तेमी वारे जोरात सुटतात. आकाश निरभ्र असूनही कॅटॅमरान, म्हणजे बेटांमध्ये ये-जा करणारी वेगवान बोट, रद्द होते, आणि ढग नाहीत म्हणून प्रवासी वाद घालत बसतात. त्याचा उपयोग नसतो. पात्मोस किंवा कोस या बेटांवरून समुद्रमार्गे येऊन पुढे विमान पकडायचे असेल, तर मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

*

पुण्याहून

आमच्याबरोबर सासूबाई होत्या आणि त्या अंडेसुद्धा खात नाहीत, म्हणून जेवणाविषयी लिहिते. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास वर्षात पुष्कळ असतात, त्यामुळे मांस, दूध आणि अंडी नसलेले पदार्थ प्रत्येक तावेर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, मिळतात. ‘निस्तीसिमो’ असे विचारले, की काय काय आहे ते लगेच सांगतात. मात्र त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, माखूळ आणि शिंपल्या चालतात! म्हणून मांस नको, मासे नकोत, समुद्रातले काहीच नको, असे वेगळे सांगावे.

सासूबाईंना सर्वांत आवडला तो ‘फावा’, म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. टोमॅटोच्या रसात भट्टीत शिजवलेले मोठे पांढरे वाल, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी, काबुली चण्यांच्या वड्या आणि बटाटा-वांगी-दुधी भोपळ्यासारखी भाजी घालून केलेला ‘ब्रियाम’ हे सगळे त्यांनी आवडीने खाल्ले. भात भरलेले टोमॅटो कधी कधी खिम्याचेही असतात, म्हणून विचारूनच मागवावेत. पाण्याच्या कडेच्या टेबलांपेक्षा आतल्या गल्ल्यांतल्या तावेर्नांत जेवण अधिक घरगुती वाटले. दुपारी दोननंतर गाव झोपते आणि संध्याकाळी पुन्हा जागे होते. रात्री दहा वाजता लहान मुलांसह कुटुंबे जेवायला बसलेली दिसतात. ज्यांना चालत असेल, त्यांनी जेवणानंतर सामोसची गोड मस्कात वाइन थोडीशी घेऊन पाहावी. तिची द्राक्षे आंबेलोस डोंगराच्या उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या मळ्यांत पिकतात.

*

श्टुटगार्टहून

हेराचे मंदिर गावाच्या पश्चिमेला सहा-सात किलोमीटरांवर आहे. प्राचीन काळी नगरापासून मंदिरापर्यंत एक पवित्र मार्ग जात असे. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्पण केलेल्या मूर्ती होत्या. आज त्याचा काही भाग विमानतळाखाली गेला आहे. मी सायकलने गेलो. पॉलिक्रेटीसच्या काळातल्या मंदिराला दीडशेहून अधिक खांब होते, आता एकच उभा आहे, तोही मूळ उंचीच्या निम्म्याएवढा. ‘एका खांबासाठी एवढे जायचे?’ असे मला हॉटेलात भेटलेल्या एका जोडप्याने विचारले होते. माझे उत्तर असे, की जावेच, पण मंदिराच्या मोकळ्या जोत्याचे माप पावलांनी घेत चालावे. शंभर मीटरांहून लांब असलेल्या त्या जोत्यावरून चालताना वास्तूचा आवाका शरीराला समजतो. वाटेवर प्राचीन शिल्पकार गेनेलेओसच्या शिल्पसमूहाच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत.

हेराचा जन्म येथे इंब्रासोस नदीकाठी ‘लिगोस’ नावाच्या झुडपाखाली झाला, अशी सामोसची श्रद्धा होती. ते झुडूप आपल्या निर्गुंडीच्या प्रजातीतलेच आहे. पान चुरडून वास घेतला आणि आजीच्या हातचा निर्गुंडीचा शेक आठवला. परिसरात सावली जवळपास नाही, टोपी आणि पाणी सोबत हवेच. येताना इरेओ गावच्या किनाऱ्यावर पोहून मग परत निघावे.

*

लंडनहून

शक्य असल्यास ६ ऑगस्टला गावात असावे. १८२४ च्या ऑगस्टमध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ऑटोमन आरमाराचा सामोसवर उतरण्याचा प्रयत्न येथील सामुद्रधुनीत फसला. सामोसच्या लढ्याचे नेते लिकुर्गोस लोगोथेतिस यांचा बुरूज गावाशेजारच्या टेकाडावर आहे आणि त्याला लागूनच ख्रिस्ताच्या रूपांतराच्या सणाचे चर्च आहे. ‘६ ऑगस्ट १८२४ रोजी ख्रिस्ताने सामोसला वाचवले’ या अर्थाचा लेख तेथे कोरलेला आहे. त्या दिवशी चर्चमध्ये उपासना होते, रात्री बंदरात जहाज जाळल्याचा देखावा करतात आणि आतषबाजी होते. धक्क्यावर उभे राहायला जागा मिळत नाही, म्हणून आम्ही बुरुजाखालच्या भिंतीवर लवकर जाऊन बसलो. शेजारच्या आजींनी आम्हाला कागदात बांधलेले बदामाचे लाडवासारखे गोड दिले आणि त्या रात्रीचा इतिहास हातवारे करून सांगितला.

*

कोल्हापूरहून

भेटवस्तू म्हणून दुकानांत मिळणारा ‘पायथागोरसचा पेला’ घ्यावा. पेल्याच्या मध्ये एक उंचवटा असतो आणि त्याच्या पोटात वाकवलेली नळी. आतल्या रेषेपर्यंत पाणी भरले, तर पेला नेहमीसारखा राहतो. रेषेच्या वर गेले, की वक्रनलिकेच्या तत्त्वाने सगळेच्या सगळे पाणी बुडातल्या भोकातून निघून जाते. हाव धरणाऱ्याला शिक्षा म्हणून पायथागोरसने तो बनवला, अशी दंतकथा दुकानदार सांगतात. दुकानातच पाणी घालून तपासून घ्यावा, कारण काही पेल्यांतली नळी नीट बसवलेली नसते. आमच्या गावच्या शाळेत मी एक दिला आहे, आणि सातवीची मुले तो पुन्हा पुन्हा भरून बघतात.

*

ब्रसेल्सहून

गावाच्या वर डोंगरात पनाइया स्पिलियानी हा मठ आहे. तेथे गुहेत पायऱ्या उतरून गेल्यावर छोटे चर्च लागते. मठाच्या अंगणातून समोर तुर्कस्तानचा मिकाले डोंगर इतका जवळ दिसतो, की त्यावरचे रस्ते ओळखता येतात. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी दीड-एक किलोमीटरच आहे. २०१५ पासून याच पाण्यातून हजारो निर्वासित रबरी बोटींतून या बेटावर आले आणि कित्येकांना पलीकडचा किनारा लाभला नाही. सहलीला आलेल्या माणसाने हेही जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. बंदरावरच्या एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत उन्हाळ्यात समकालीन कलेची प्रदर्शने भरतात, त्यांतली काही सीमा आणि स्थलांतर या विषयांवर असतात, जरूर पाहावीत.

हंगामात सामोसहून तुर्कस्तानातल्या कुशादासीला बोटी जातात आणि तेथून एफेसस या प्राचीन नगराचे अवशेष जवळ आहेत, त्यामुळे पुष्कळांना एका दिवसात जाऊन यावेसे वाटते. भारतीय पारपत्र असलेल्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. तुर्कस्तानचा व्हिसा लागतो, आणि आपला शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो, नाहीतर संध्याकाळी ग्रीसमध्ये परत येता येत नाही. आमच्यासमोर एका कुटुंबाला तिकिटे काढून झाल्यावर धक्क्यावरूनच माघारी फिरावे लागले. बोटीचे तिकीट घेण्यापूर्वी व्हिसावरचा प्रवेशांचा रकाना वाचून घ्यावा आणि बोट पिथागोरियोहून सुटणार की बेटाच्या दुसऱ्या बंदरातून, वाथीहून, हेही विचारून ठेवावे. दोन्ही बंदरांच्या मध्ये डोंगर आहे आणि सकाळी टॅक्सी चटकन मिळत नाही.